चंद्रातला चेहरा

लखनौचे नाव निघाले की रूमी दरवाजा, इमामबाडा आणि नबाबी अदब ही डोळ्यांपुढे उभी राहतात. पण त्याच शहराच्या मातीत असा एक कवी विसावला आहे की, ज्याने आपल्या वेडाची हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. तो कवी म्हणजे मीर तकी मीर.

मीरचा जन्म १७२३ च्या सुमारास आग्र्यास झाला. वडील फकिरी वृत्तीचे. ते निवर्तले तेव्हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. पोटासाठी तो दिल्लीस गेला. तेथे समसामुद्दौला या अमिराने त्याला रोज एक रुपया नेमून दिला. परंतु १७३९ साली नादिरशहाच्या स्वारीत हा अमीर कामास आला आणि तो आधारही तुटला. पुढे सावत्र भावाचे मामा खान-ए-आरजू यांच्या घरी आसरा मिळाला, माया मात्र मिळाली नाही, असे मीरच सांगतो. त्याचे शिक्षणही असेच झाले: कधी मित्रांकडून मागून आणलेली पुस्तके, तर कधी वाटेत भेटलेला एखादा विद्वान.

अशा एकाकीपणात त्याचे चित्त ढळले. रात्री चंद्रबिंबात त्याला एक सुंदर आकृती दिसू लागली. ती खाली उतरून जवळ येते, असा त्याला भास होई. अन्न नाही, झोप नाही. मांत्रिक झाले, हकीम झाले. कोठडीत कोंडून झाले, रक्तही काढून झाले. या काळात फख्रुद्दीन खान या आप्ताच्या पत्नीने त्याच्या उपचारांसाठी सढळ हाताने पैसा खर्च केला. हळूहळू तो सावरला.

‘ख्वाब-ओ-खयाल’ या मसनवीत आणि ‘जिक्र-ए-मीर’ या फारसी आत्मचरित्रात मीरने हे सारे सांगितले आहे. ते सांगताना त्याने लाज धरली नाही आणि बढाईही मारली नाही. वेडामुळेच प्रतिभा फुलते, असे म्हणण्याची आपल्याला हौस असते. परंतु मीरचे सहा उर्दू दिवाण म्हणजे सावरलेल्या माणसाची दीर्घ मेहनत होय. त्याच आत्मचरित्रात १७६१ च्या पानिपतचाही वृत्तांत आहे. मराठे आपल्या जुन्या रीतीने लढते, तर बहुधा जिंकते, असा त्याचा अभिप्राय आहे. हे काही भ्रमिष्टाचे बोलणे नव्हे.

उजाड झालेली दिल्ली सोडून १७८२ साली तो आसफुद्दौलाच्या आश्रयास लखनौला आला. परंतु तेथे त्याचे मन रमले नाही. १८१० साली त्याचा अंत झाला. त्याच्या कबरीच्या जागेवरून पुढे लोहमार्ग गेला, असे सांगतात.

आपल्या मराठीत ‘वेडा’ हा शब्द शिवीचाही आहे आणि लाडाचाही. घरात खरोखरच कुणी वेडा झाला, तर मात्र आपण दार लावून घेतो. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई करणारा कायदा आपल्याकडे २०१७ साली झाला. मीरच्या कोठडीपासून त्या कायद्यापर्यंत पावणेतीनशे वर्षे लोटली. पण कायदा साखळी काढील, दार कोण उघडणार? मीरपुरते ते काम एका आप्त स्त्रीने केले. इतिहासाने तिचा उल्लेख केवळ ‘अमक्याची पत्नी’ एवढाच राखला. मीरचे दिवाण हाती घेताना तिचेही स्मरण व्हावे.