वहिवाट : एका इंग्रजी कालव्याच्या काठाने

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, तेव्हापासून शेक्सपिअर आपल्या रंगभूमीचा पाहुणा न राहता घरचाच झाला आहे. साहजिकच इंग्लंडला जाणारा आपल्याकडील माणूस त्या गावी जातो, कवीचे जन्मघर पाहतो, एव्हन नदीच्या काठचे नाट्यगृह पाहतो आणि परत फिरतो. त्या नाट्यगृहाजवळच्या बागेत पाण्याचा एक मोठा हौद आहे आणि त्यात लांबट, अरुंद, रंगीत नावा उभ्या असतात. हौदापासून पाण्याची एक चिंचोळी पट्टी गावाच्या पाठीमागून उत्तरेकडे निघून जाते. आज श्रोत्यांना आम्ही नेणार आहोत ते या पट्टीच्या काठाने.

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेत उभे राहते. खडकवासल्याचा मुठा कालवा घ्या किंवा भंडारदऱ्याच्या पाण्यावरचे प्रवरेचे कालवे घ्या. पाणी पिकापर्यंत पोचवणे हे त्यांचे काम. इंग्लंडातील हे कालवे मात्र शेताला पाणी देण्यासाठी खणलेले नाहीत. ते रस्ते आहेत. तेथे पाणी वाहून न्यायचे नसून पाण्यावरून माल वाहून न्यायचा होता. म्हणून ते पाणी जवळजवळ स्थिर असते, आणि त्याच्या एका काठाने घोड्यासाठी अखंड वाट असते. घोडा वाटेने चालावयाचा आणि लांब दोराने नाव ओढावयाचा. या वाटेला आपण घोडवाट म्हणू या.

या उद्योगाचे मूळ एका साध्या हिशेबात आहे. घोड्याच्या पाठीवर दोन-अडीच मण ओझे लादता येते. त्याच घोड्याने स्थिर पाण्यावरची नाव ओढली तर तो पंचवीस टन माल सहज नेतो. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली येथील खाणींचा कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी कालवा काढला. तो १७६१ साली वाहता झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्या कामावरचा प्रमुख कारागीर जेम्स ब्रिंडली हा मुळात गिरण्यांची चाके बांधणारा माणूस. त्याला लिहिणे जेमतेमच येत असे. परंतु पाण्याची पातळी कशी राखावी आणि मळलेल्या चिकणमातीचा थर देऊन कालव्याचा तळ कसा गळू देऊ नये, हे त्याला उत्तम कळत होते. पुढच्या तीस वर्षांत इंग्लंडला कालव्यांचे अक्षरशः वेड लागले. त्या वेडाच्या भरात, १७९३ साली, स्ट्रॅटफर्ड कालव्याचा कायदा पार्लमेंटात मंजूर झाला. बर्मिंगहॅमच्या बाजूने काम सुरू झाले, १८०२ साली किंग्जवुडपर्यंत आले आणि पैशाअभावी थांबले. १८१२ साली पुन्हा कुदळी पडल्या, आणि १८१६ साली पाणी एकदाचे एव्हन नदीला मिळाले.

आता चालू या. स्ट्रॅटफर्ड मागे पडले की कालवा विल्मकोटच्या दिशेने चढू लागतो. पाणी चढते कसे, असे कोणी विचारील. त्यासाठी लॉक असतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडाविटांची कोठी. नाव आत घ्यावयाची, मागचे दरवाजे लावावयाचे, वरचे पाणी आत सोडावयाचे. पाण्याबरोबर नाव वर येते आणि पुढचे दरवाजे उघडतात. पाण्याची ही पायरीच म्हणा ना. विल्मकोटच्या चढावर अशा अकरा पायऱ्या आहेत. ते विल्मकोट म्हणजे शेक्सपिअरच्या आईचे, मेरी आर्डनचे, माहेर. पुढे एडस्टोनचा जलसेतू लागतो. ४७५ फूट लांबीची लोखंडी पन्हळ विटांच्या खांबांवर उभी केलेली असून, खालून रस्ता, ओढा आणि आगगाडी जाते. येथे घोडवाट पाण्याच्या पातळीवर नसून पन्हळीच्या तळाशी आहे. त्यामुळे एखादी नाव शेजारून गेली की ती आपल्या पायांच्या नव्हे, शरीराच्या उंचीवरून गेल्यासारखी वाटते. त्यापुढे वूटन वॉवेन, प्रेस्टन बॅगट, लोसनफर्ड अशी लहान लहान गावे आहेत. वाटेवरील काही पुलांना मधोमध बोटभर रुंदीची फट आहे. ती भेग नव्हे. घोडा पुलाबाजूने जाताना दोर सोडावा लागू नये, तो त्या फटीतून निसटावा, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली आहे. लॉकवाल्याच्या घरांची छपरे पिंपासारखी गोल आहेत. पुलांच्या कमानी बांधणाऱ्या हातांना तोच आकार सवयीचा होता, असे सांगतात.

ही सगळी चाल अतिशय सोपी आहे. म्हाताऱ्यांना झेपेल आणि मुलांना कंटाळा येणार नाही, अशी. परंतु ती सोपी का आहे, हा प्रश्न इतिहासाचा आहे. घोड्याला दिवसभर ओढता यावे म्हणून ती सपाट केली गेली. ज्या हजारो मजुरांनी असे कालवे हाताने खणले त्यांना 'नॅव्ही' म्हणत. त्यांची नावे कोणत्याही पुलावर कोरलेली नाहीत. पुढे आगगाडी आली, मालाचे दर कोसळले आणि काठावर घर ठेवणे नावाड्याला परवडेनासे झाले. त्याने बायकामुले नावेवर आणली. सात फूट रुंद आणि सुमारे दहा फूट लांब खोलीत अख्खा संसार! मुले शाळेत जाणार कशी? आज येथे थांबा, उद्या तेथे. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने या मुलांसाठी रान उठवले, तेव्हा १८७७ आणि १८८४ साली कायदे होऊन नावांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. नावांवर रंगवलेली गुलाबफुले आणि किल्ले पाहून आज पाहुणे हरखून जातात. त्या चित्रांच्या आत किती दाटीचे जिणे होते, हे आपण विसरता कामा नये.

स्ट्रॅटफर्ड कालव्याचे दैव मात्र याहून विचित्र ठरले. १८५६ साली तो एका रेल्वे कंपनीने विकत घेतला आणि काही वर्षांनी तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे आला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या धंद्याचे जे होते तेच झाले. कोणी तो बुजवला नाही, पण कोणी सांभाळलाही नाही. दरवाजे कुजले, गाळ साचला, वेत माजले. १९३९ साली एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर आपली 'क्रेसी' नाव घेऊन कालव्यांतून हिंडला. त्याचे प्रवासवर्णन १९४४ साली प्रसिद्ध झाले, आणि १९४६ साली त्याने व रॉबर्ट एकमन याने इतरांसह अंतर्देशीय जलमार्गांची संस्था काढली. याच कालव्याच्या उत्तर भागात एक उचलता पूल रेल्वेने पक्का करून टाकला होता. १९४७ साली रोल्टने नोटीस दिली, की मला येथून नाव न्यावयाची आहे. कायद्याने जाण्याचा हक्क शाबूत होता. रेल्वेच्या माणसांना येऊन तो पूल जॅकने उचलून द्यावा लागला.

खरी कसोटी लागली ती दक्षिण भागात. कालवे १९४८ साली सरकारजमा झाले होते. १९५८ साली वॉरिकशायरच्या कौन्सिलने हा भाग कायमचा बंद करण्याची परवानगी मागितली. कौन्सिलला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. विल्मकोटजवळचा पूल नव्याने बांधावयाचा होता, आणि मेलेल्या कालव्यावरून नाव जावी एवढा उंच पूल लोकांच्या पैशातून का बांधावा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण कायद्याची अट अशी होती, की गेल्या तीन वर्षांत त्या पाण्याचा कोणी उपयोग केलेला नसावा. तेव्हा हौसेने लहानशी होडी हाकणाऱ्या मंडळींनी भरलेल्या जकातीची पावती पुढे आली! गाळातून, वेतांतून, होडी खांद्यावर घेत त्यांनी केलेला तो प्रवास पुराव्याला पुरला. १९५९ साली परवानगी नाकारण्यात आली. नॅशनल ट्रस्टने कालवा चालवण्यास घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवक, सैनिक आणि बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील कैदी यांनी तो गाळातून वर काढला, आणि ११ जुलै १९६४ रोजी राजमातेने तो पुन्हा खुला केला.

आपल्याकडे मामलेदाराच्या कचेरीत वहिवाटीच्या रस्त्याचे दावे चालतात. शेताच्या बांधावरून बैलगाडी पूर्वापार जात आली, ती आता का अडवली, हा वाद कोणत्या खेड्याला ठाऊक नाही? विलायतेतील हे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने अगदी तसेच नव्हते. येथे प्रश्न होता नाव चालवण्याच्या हक्काचा, आणि घोडवाट तर मूळची कंपनीच्या मालकीची. आजही अशा वाटांचा बराचसा भाग सार्वजनिक हक्काने नव्हे, तर मालकाच्या संमतीने लोकांना मोकळा आहे. २०१२ सालापासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे असून, दरवाजे बदलण्याचा आणि बांध सांभाळण्याचा खर्च दरवर्षी नव्याने उभा करावा लागतो. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वापर थांबला की हक्क दुबळा होतो, आणि वापर चालू राहिला तर तो कागदावरच्या शाईपेक्षा बळकट ठरतो.

आम्हाला या इतिहासातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती वाटते, असे कोणी विचारले तर आम्ही जलसेतूकडे बोट दाखवणार नाही. ती किरकोळ रकमेची पावती दाखवू. ज्यांनी ती घेतली त्यांना इतिहास घडवावयाचा नव्हता. त्यांना पाण्यावर एक सुटी घालवावयाची होती. आपल्या गावाभोवतीही जुने घाट आहेत, पाऊलवाटा आहेत, तळ्यांच्या कडा आहेत, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्यांतील कोणत्या अजून आपल्या आहेत हे दप्तरात शोधावे, पण त्याआधी एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन तेथवर चालून यावे, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.