चहाची तलफ आणि रात्रपाळी: कॅफिनचं गणित

सुरतच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. शहरातल्या लूम कारखान्यांत पाळी बहुधा १२ तासांची. रात्री डोळे उघडे ठेवायला आधार चहाचाच.

चहातलं कॅफिन थकवा घालवत नाही. झोपेचा निरोप देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची मेंदूतली जागा ते अडवतं, एवढंच. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. म्हणून पहाटे ४ चा चहा सकाळी ९ लाही झोप लागू देत नाही. झोप अर्धवट, की पुढच्या पाळीत कप वाढले.

सवय जडल्यावर चहा चुकला तर १२ ते २४ तासांत डोकं दुखतं, चिडचिड होते. हा त्रास २ ते ९ दिवसांत ओसरतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांनुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको. एका कप चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

चहा एकदम तोडू नये, एकेक कप कमी करावा. रात्रपाळीवाल्यांनी शेवटचा कप मध्यरात्रीच्या आसपास घ्यावा.