झोळीतले मूल आणि शर्यतीचे बैल: म्हसा यात्रेतील मुक्कामाचा इतिहास

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात म्हसा येथे खांबलिंगेश्वराच्या देवस्थानापाशी पौष पौर्णिमेपासून भरणारी यात्रा नवसांसाठी आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखली जाते. परंतु उघड्या माळावर लेकराबाळांसह अनेक दिवस वस्ती करणाऱ्या कुटुंबांचा इतिहासही तिच्याशी तितकाच निगडित आहे. या यात्रेचे स्थान समजण्यासाठी जुने मार्ग ध्यानात घ्यावे लागतात. कान्हेरीच्या शिलालेखांत ज्याच्या दात्यांचा उल्लेख येतो ते कल्याण बंदर नाणेघाटाने जुन्नरशी जोडलेले होते, आणि घाटावरचा माल व जनावरे मुरबाडच्या पट्ट्यातूनच कोकणात उतरत असत.

जनावरांचा व्यवहार एका दिवसात उरकत नसे, आणि मुक्कामाचे पहिले कारण हेच होते. भातशेतीला लागणारे, मुसळधार पावसात तग धरणारे डांगी बैल आणि माणदेशाच्या कोरड्या प्रदेशातले चपळ खिल्लार यांची पारख वेगवेगळी असे. दातांवरून वय ठरे: दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला तो दुसा आणि चार आलेला तो चौसा. बैलाची चाल पाहणे, त्याला जुंपून बघणे, दलालाने रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणे आणि जमलेला सौदा मोडल्यास नवा शोधणे या क्रमात दिवस जात, आणि तोवर जनावराला चारा व माणसाला भाकर जागेवरच लागे.

मुक्काम लांबला की घरही सोबत यावे लागे, कारण स्वयंपाक, चारापाणी आणि सामानाची राखण ही कामे स्त्रियांवाचून चालत नसत आणि अंगावर पिणारे मूल आईपासून दूर ठेवता येत नसे. प्रसूतीनंतर सव्वा महिना देवदर्शन न करण्याच्या रूढीमुळे अगदी नवजात बालके सहसा अशा प्रवासापासून दूर राहत. त्याहून मोठे मूल मात्र आईबरोबर निघे. कापडाचे किंवा तरटाचे छत टाकून उभारलेल्या तात्पुरत्या निवाऱ्याला पाल म्हणतात. अशा पालात, किंवा सोडलेल्या बैलगाडीच्या साट्याखालच्या सावलीत, जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाई. जमिनीपासून उंच असल्याने मूल ओल, किडे आणि जनावरांचे पाय यांपासून दूर राही, आणि आई हाताने काम करीत झोळीच्या दोरीला झोका देऊ शके. पौषातल्या थंडीला घोंगडी आणि शेकोटी होती. धूळ, धूर आणि दूषित पाणी यांवर मात्र तेवढा सोपा इलाज नव्हता, आणि पटकीच्या काळात गर्दीच्या यात्रांचा धोका लहान मुलांनाच अधिक असे. ही सारी व्यवस्था पिढ्यानपिढ्या बायकांनी सांभाळलेली विद्याच होती, आणि बाजाराच्या इतिहासात तिला बैलांच्या किमतीइतकेच स्थान मिळायला हवे.

बाजारात खरेदी झालेल्या बैलांपैकी निवडक बैल शर्यतीच्या मैदानात उतरत. जुन्नर, खेड आणि आंबेगाव या भागांत घाट म्हणजे चढणीची धावपट्टी असते आणि तेथे एकेका गाड्याच्या धावेची वेळ मोजली जाते. ठाणे व रायगडच्या पट्ट्यात मात्र बिनजोड, म्हणजे हलक्या छकड्यांच्या दोनच जोड्यांमधली समोरासमोरची शर्यत, विशेष लोकप्रिय आहे. केंद्र सरकारच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलांच्या प्रदर्शनावर निर्बंध आले आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बेकायदा ठरवल्या. महाराष्ट्राने शर्यतींना वाट देण्यासाठी २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाची अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

शर्यत परत आली, तरी जुना कौटुंबिक मुक्काम तिच्याबरोबर परतला नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एसटी हळूहळू गावोगाव पोहोचली, पुढे बैल टेम्पोने येऊ लागले, ट्रॅक्टरने शेतीतला बैल कमी केला, आणि संध्याकाळी घरी परतणे शक्य झाल्यावर घर सोबत नेण्याची गरज उरली नाही. फ्रान्समधील ल मान्स येथे १९२३ पासून भरणाऱ्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीला प्रेक्षक मैदानालगत तंबू ठोकून राहतात. परंतु तो मुक्काम हौसेचा असतो, तर म्हशाचा मुक्काम पोटाच्या उद्योगाचा होता, आणि म्हणूनच उद्योगाची रीत बदलताच तो ओसरला.

तरीही तो पूर्णपणे संपलेला नाही. खेळणी, भांडी, घोंगड्या आणि टोपल्या विकणारी फिरती कुटुंबे आजही यात्रांमधून पाल टाकून राहतात आणि त्यांची मुले त्या पालांतच वाढतात. रायगडावरच्या हिरकणीच्या नावाने एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी कक्ष उभे राहिले आहेत. तशीच सोय, स्वच्छ पाणी आणि लसीकरणाचे पथक यात्रेच्या माळावर असणे, हे ज्या कष्टांवर यात्रा उभी राहिली त्यांचे ऋण मान्य करणे ठरेल.