कान पांघरणारी माणसे : शेजाऱ्यांचे ‘विचित्र प्राणी’ कसे झाले?

१/ दिघीहून होडीने जंजिऱ्यास गेल्यावर महाद्वारापाशी एक शिल्प दिसते : एका हिंस्र श्वापदाने पंजांत आणि शेपटीत हत्ती जखडले आहेत. असे श्वापद निसर्गात नाही. ते सामर्थ्याची खूण आहे. कोकण किनाऱ्याच्या प्राचीन वर्णनांत मात्र माणसांची शरीरेही अशीच कल्पनेने घडवलेली आढळतात.

२/ महाभारताच्या सभापर्वात सहदेवाचा दक्षिण दिग्विजय आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, जिंकल्यावर तो सागरद्वीपांवरील राजे, निषाद आणि ‘कर्णप्रावरण’, म्हणजे स्वतःचे कान पांघरणारे लोक, यांना वश करतो. पुढे ‘एकपाद’ वनवासीही येतात. निषाद हा खरा जनसमूह. कर्णप्रावरणांचे नाव त्याच ओळीत आहे.

३/ इ.स.पू. ४००च्या सुमारास इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने भारतातील एकपाय आणि श्वानमुखी माणसांविषयी लिहिले. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगास्थनीसाने कानांत झोपणाऱ्यांची नोंद केली. प्लिनीने इ.स. ७७च्या सुमारास अशा वर्णनांचे संकलन केले. १४९३च्या न्यूरेंबर्ग इतिवृत्तात त्यांची चित्रेच छापली गेली.

४/ पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने मूळ प्रश्न विचारला : ही माणसे आहेत का? त्याचे उत्तर असे, की विवेक असलेला मर्त्य जीव कोणत्याही आकाराचा असो, तो मानवकुलातलाच.

५/ १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून खेळायचा कथाखेळ अमेरिकेत आला. १९७७च्या त्याच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आपला राक्षस वाघाच्या डोक्याचा झाला. प्रत्येक प्राण्याला प्राणबळ आणि चिलखत-अंक मिळाला, काहींना मरणाचा खास उपायही. राक्षसासाठी तो मंतरलेला बाण होता. रामायणात मात्र राक्षसांना नगर आहे, राज्यसभा आहे, आणि बिभीषणासारखा विवेकीही आहे.

६/ सहदेवाची यादी जेत्याच्या बाजूने रचलेली आहे. कर्णप्रावरण स्वतःला काय म्हणत, हे तिच्यात नाही. आज त्यांच्यावरून खेळातला प्राणी रचणाऱ्याने प्राणबळाचा आकडा ठरवण्याआधी त्यांना भाषा, घर आणि सहदेवाशी लढण्याचे कारण द्यावे. जुन्या यादीने नेमके तेवढेच वगळले होते.