लिमिटेड स्लिप डिफरन्शियल : रोजच्या वेगवान मोटारीसाठी कोणता निवडावा?

अ‍ॅशबर्नहून लीसबर्गमार्गे रूट ९ धरला की साधारण तासाभरात वेस्ट व्हर्जिनियातील समिट पॉइंटचा रेसट्रॅक येतो. मोटारीचा खरा वेग अजमावायचा तो तिथेच. व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर किंवा मर्यादेपेक्षा २० मैल अधिक वेगाने मोटार हाकणे हा केवळ दंडाचा नव्हे, तर फौजदारी गुन्हा आहे. व्हिसावर राहणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. मात्र सोमवारी कार्यालयात आणि शनिवारी ट्रॅकवर एकच मोटार न्यायची असेल, तर डिफरन्शियलची निवड विचारपूर्वक करावी लागते.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. बैलगाडीची चाके आसावर स्वतंत्र फिरतात, म्हणून तिथे अडचण नसते. इंजिनाने दोन्ही चाके फिरवायची म्हटली की ती उभी राहते. साधा डिफरन्शियल चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, पण टॉर्क दोघांना समान देतो. गोम इथेच आहे. एका चाकाची पकड १०० न्यूटन-मीटरपुरतीच उरली असेल, तर भक्कम पकड असलेल्या दुसऱ्या चाकालाही १००च मिळतात. वळणातून बाहेर पडताना आतले चाक हलके होऊन जागीच गरगरते आणि शक्ती वाया जाते.

यावरचा सर्वांत सोशिक उपाय म्हणजे दातेरी चक्रांचा डिफरन्शियल. अमेरिकी संशोधक व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेला टॉर्सेन आणि ब्रिटनचा क्वेफ हे याच कुळातले. अडीचपट प्रमाणाचा टॉर्सेन वरील उदाहरणात दुसऱ्या चाकाला २५० न्यूटन-मीटर देऊ शकतो. त्याचे काम हळुवार असते, झिजणाऱ्या क्लच प्लेटांवर ते अवलंबून नसते. मर्यादा एकच, पण मूलभूत : चाक हवेत उचलले गेले की शून्याची अडीचपट शून्यच. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावून थोडी मदत करतो.

क्लच प्लेटांचा प्रकार ही उणीव भरून काढतो, कारण त्यातील प्लेटा आधीपासूनच दाबून बसवलेल्या असतात. वन-वे प्रकार फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर जखडतो, टू-वे पाय उचलल्यावरही, आणि दीड-वे त्या दोहोंच्या मधला. ट्रॅकवर याला तोड नाही. पण पार्किंगमध्ये वळताना कुरकुर, ठरावीक काळाने विशिष्ट तेल आणि अखेरीस प्लेटांची बदली हा त्याचा संसारखर्च आहे. व्हिस्कस प्रकार जुन्या मियाटांत सापडतो. नव्याने बसवण्याजोगा तो नव्हे.

हिवाळ्याचा मुद्दा मात्र विक्रेते सहसा काढत नाहीत. लाउडन काउंटीच्या रस्त्यांवर पहाटे काळा बर्फ साचतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत साधा डिफरन्शियल असेल, तर एक चाक घसरते आणि दुसरे मोटारीची दिशा टिकवते. करकचून जखडलेल्या डिफरन्शियलमुळे दोन्ही चाके एकदम सुटतात आणि मोटारीचा मागचा भाग बाजूला फिरतो. मुलांना शाळेत सोडणाऱ्या मोटारीत म्हणूनच टू-वे बसवू नये, दातेरी प्रकारच बरा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींनाही तोच मानवतो, कारण क्लचचा प्रकार स्टिअरिंग हातातून ओढू पाहतो. होंडा सिव्हिक टाइप आरमध्ये कंपनीनेच तो दिला आहे.

म्हणजे खर्चाआधी माहितीपत्रक नीट वाचावे. टोयोटा जीआर ८६ मध्ये टॉर्सेन मूळचाच असतो, मियाटाच्या स्पोर्ट श्रेणीत तो नसतो. ‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दाने भुलू नये : फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये संगणकाने नियंत्रित होणारा खराखुरा क्लच आहे, तर अनेक मोटारींत त्याच अर्थाच्या नावाखाली केवळ ब्रेक लावला जातो. नाशिकच्या महिंद्रा थारमधील लॉकिंग डिफरन्शियल हे आणखी वेगळे प्रकरण. ते चिखलातून बाहेर पडण्यासाठी आहे, वळणावरच्या वेगासाठी नव्हे. आणि टायर जुने झाले असतील, तर पहिला डॉलर तिथेच खर्चावा.

बसवणी घरच्या गॅरेजमध्ये करण्याजोगी नाही. मागच्या चाकांच्या मोटारीत दात्यांमधील फट डायल गेजने मोजून, शिम घालून जुळवावी लागते. चूक झाली की डिफरन्शियल रडू लागतो. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून संपूर्ण वॉरंटी रद्द करता येत नाही, पण त्या भागामुळे झालेले नुकसान कंपनी नाकारू शकते. विमा कंपनीला हा बदल लेखी कळवावा, आणि ट्रॅकवरील अपघात आपल्या पॉलिसीतून वगळला आहे का, हे समिट पॉइंटला निघण्यापूर्वी तपासावे.