आधी गाडी, मग ‘लाइन क्लिअर’

१९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वे स्थानक आले ते एकच: वडसा. ते ज्यावर आहे तो गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग एकेरी. अशा मार्गावरची शिस्त जुनी आहे. गाडी सेक्शनबाहेर पडल्याशिवाय पुढच्या गाडीला ‘लाइन क्लिअर’ नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला ही शिस्त शिकायला बराच काळ लागला. एक प्रोसेसर माहिती लिहितो, मग ‘तयार’ अशी खूण करतो. दुसरा खूण पाहून माहिती वाचतो. कागदावर बिनचूक! पण वेगासाठी कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही कामांचा क्रम बदलतात. खूण आधी दिसते, माहिती मात्र जुनीच हाती येते. १९९२ चा डेक अल्फा प्रोसेसर तर याबाबतीत कुख्यातच. नवा पॉइंटर, म्हणजे माहितीचा पत्ता, वाचूनही त्यामागचा मजकूर जुना मिळू शके.

उपाय मेमरी बॅरिअरचा, म्हणजे ‘इथे क्रम ओलांडू नका’ या सूचनेचा: लिहिणाऱ्याने तो खुणेआधी लावायचा, वाचणाऱ्याने खुणेनंतर. दोन्हीकडे हवा. एकाच बाजूला लावलेला बॅरिअर ही फसवी दुरुस्ती.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्येच अशा क्रमाची काटेकोर व्याख्या केली होती. लिनक्सचे औपचारिक मेमरी मॉडेल, म्हणजे या क्रमाची नियमावली, मात्र कर्नलमध्ये आले २०१८ मध्ये, आणि डेटा रेस (एकाच माहितीवर दोघांची बेशिस्त झटापट) हुडकणारे केसीसॅन हे साधन २०२० मध्ये.

बॅरिअर म्हणजे कुलूप (लॉक) नव्हे. दोन प्रोसेसर एकच गणक वाढवत असतील, तर तिथे लॉक किंवा अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्ये न तुटणारी, क्रियाच लागते.