आजीच्या डोळ्याला डोळा



कुंडलिका नदी ओलांडली की नव्या जालन्यातून आपण जुन्या जालन्यात येतो. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, तेव्हा इथे दहा वर्षांची असलेली पोर आज नव्वदीला टेकली आहे. 1972 च्या दुष्काळात कडेवर लेकरू घेऊन खडी फोडणाऱ्या सुनासुद्धा आता आज्या झाल्या. त्यांच्या आठवणी कुठल्या दप्तरात नाहीत, त्यांच्या तोंडी आहेत. एक आजी गेली की घरातलं एक पुस्तक न वाचताच गेलं. म्हणून आम्ही गटातल्या बायांनी त्यांच्या मुलाखती कॅमेऱ्यावर घ्यायचं ठरवलं.

हे काम आम्हीच पहिल्यांदा करतोय असं नाही. हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हटलं की पुरुषांची नावं आधी येतात. पण आपल्याच जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या लढ्यात होत्या. तेलंगणातल्या लढ्यातल्या बायांना बोलतं करून स्त्री शक्ती संघटनेनं 1986 मध्ये तेलुगूत पुस्तक काढलं. 1989 मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. नावातच सगळं आलं.

मग कॅमेरा बायांच्या हाती कधी आला? 1984 मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत व्हिडिओ सेवा सुरू झाली. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या बाया होत्या, लिहितावाचता न येणाऱ्याही होत्या. पुढे तेलंगणात जहिराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतमजूर दलित बाया चित्रीकरण शिकल्या. त्यांचं संघम रेडिओ केंद्र 2008 मध्ये सुरू झालं. या बायांनी एक मोठी गोष्ट सांगितली. कॅमेरा वरून खाली धरला तर समोरची बाई लहान दिसते, खालून वर धरला तर मोठी दिसते. डोळ्याला डोळा भिडेल असा धरला, तर ती बरोबरीची दिसते. संघमात सगळ्या सारख्या, म्हणून त्या शॉटला त्यांनी नाव दिलं ‘संघम शॉट’.

आम्हाला याचा अर्थ आमची चूक झाल्यावर कळला. पहिल्या मुलाखतीत आजी ओसरीवर खाली बसलेली, आम्ही खुर्चीवर, आणि मोबाइल उंच स्टँडवर. घरी येऊन पाहिलं तर आजी साहेबासमोर अर्ज घेऊन बसल्यासारखी दिसत होती. पाठीमागे खिडकी होती, म्हणून चेहरा काळा. वर पंख्याची घरघर. नवऱ्यामागे घर कसं चालवलं हे ती सांगत होती, ते अर्धं ऐकूच येईना.

दुसऱ्यांदा आम्हीही सतरंजीवर बसलो. धान्याच्या डब्यावर डबा ठेवून मोबाइल आजीच्या डोळ्याच्या उंचीला आणला. आजीचं तोंड उजेडाकडे केलं. पंखा बंद, दाराला कडी, कुकर उतरवलेला. छोटा माइक पदराला लावला, पण बांगड्यांपासून लांब. प्रश्न विचारणारी कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला बसली, म्हणजे आजी यंत्राशी नाही, माणसाशी बोलते. दुसरा मोबाइल बाजूने लावला. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीची गोष्ट सांगताना आजीचे हात आपोआप भाकरी थापायला लागले, ते त्यात आलं. दोन्ही मोबाइल सुरू झाले की एक टाळी वाजवायची, नंतर आवाज जुळवायला सोपं जातं. फोन येऊ नये म्हणून फ्लाइट मोड लावायचा, मोबाइलमधली जागा आधी रिकामी करायची. आणि आजी गप्प झाली तर घाईनं पुढचा प्रश्न टाकायचा नाही. थोडं थांबलं की खरी गोष्ट तिथूनच निघते.

सगळ्यात अवघड भाग यंत्राचा नाहीच. जुन्या जालन्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत. 1948 ची आठवण निघाली की कुणी रझाकारांची दहशत सांगतं, कुणी पोलीस कारवाईनंतर आपल्या माणसांचे झालेले हाल सांगतं. दोन्हीकडच्या आजींचे डोळे सारखेच भरतात. एक आजी सगळं बोलली आणि मग म्हणाली, “हे ठेवा, पण मी असेपर्यंत कुणाला दाखवू नका.” आमच्यातल्या काहीजणींना वाटलं, इतकी मोलाची गोष्ट, लोकांनी ऐकायलाच हवी. दोन बैठका वाद झाला. शेवटी ठरलं, गोष्ट आजीची आहे, आमची नाही. तो भाग वेगळा ठेवलाय.

आता आमचा नियम असा. सुरू करण्याआधी परवानगी विचारायची आणि ती कॅमेऱ्यावरच घ्यायची. संपल्यावर आजीला आधी दाखवायचं, तिला नको असेल ते काढायचं. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यायची. प्रत एकाच मोबाइलमध्ये ठेवायची नाही. एक पेन ड्राइव्हमध्ये, एक गटाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक आजीच्या घरी.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतही अशी आजी असेल. मोबाइल तर आपल्या हातात आहेच. फक्त तो उंचावर ठेवू नका. तिच्याशेजारी खाली बसा, तिच्या डोळ्याला डोळा लावा आणि विचारा, “आजी, त्या वेळी तुम्ही काय करत होतात?”